थोरल्या जावयाचे आठ फेटे

मेहुणीच्या लग्नात फेटे आपणच बांधायचे असं अजिंक्यने जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातात सासूबाईंनी आग्रहाने दिलेली दुसरी कॉफी होती आणि फेटा बांधतात कसा याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. (दोष थोडा कॉफीचाही आहे. सासुरवाडीची दुसरी कॉफी पोटात गेली की अजिंक्यला जगातली सगळी कामं सोपी वाटायला लागतात.)

अजिंक्य मूळचा पुण्याचा. सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला आला, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मॅनेजर झाला, म्हणजे काम दुसरे करतात आणि ते वेळेत होईल असं हा तिसऱ्यांना सांगतो. इथेच त्याचं रम्याशी लग्न झालं. रम्याचं माहेर मात्र इथलं फार जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तिचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कानडीतले 'सरी' (म्हणजे बरं) आणि 'स्वल्प' (म्हणजे जरा) अगदी पाय पसरून बसलेले असतात. अजिंक्यला त्याची गंमत वाटायची. आणि खरं सांगायचं तर, या सगळ्यांत अस्सल मराठी माणूस काय तो आपणच, असंही त्याला आतून वाटायचं.

आता या घराची एक रीत होती. मुलीच्या लग्नात वराकडचे सात मानकरी आणि आठवा नवरदेव यांना मांडवाच्या दारात फेटे बांधायचे, आणि ते घरच्या थोरल्या जावयाने बांधायचे. इतकी वर्षं हे काम रघुजीराव करत. ते म्हणजे रम्याच्या आत्याचे, सकवारअक्कांचे यजमान. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि थोरल्या जावयाची गादी रिकामी झाली.

"पहिला वेढा तेवढा तुम्ही घाला, अजिंक्यराव," सासरे येसाजीराव त्या दिवशी म्हणाले होते. "जावयाचा हात लागला म्हणजे झालं. पुढचं बघतील कुणीतरी."

"पहिलाच का, मामा? आठही बांधतो की!" अजिंक्य म्हणाला. "आम्ही पुण्याचे. फेटा आमच्या रक्तात आहे."

(त्याच्या वडिलांनी स्वतःच्या लग्नात सूट घातला होता. आजोबांची टोपी होती. रक्तात फेटा कुठून आला, हे त्या रक्तालाच ठाऊक.)

येसाजीरावांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ते "सरी" म्हणाले. त्या घरात जावयाला "तुम्हाला जमेल का?" असं विचारायची पद्धत नाही. जावई म्हणाला म्हणजे म्हणाला.

लग्नाला तीन आठवडे होते. अजिंक्यने मोबाइलवर व्हिडिओ लावला, नऊ मीटर कापड आणलं आणि डोकं शोधायला लागला. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याला हवं तसं, न हलणारं, न बोलणारं डोकं एकच सापडलं, ते म्हणजे पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन. तो त्याने डायनिंग टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी फेटा जमिनीवर आला. चौथ्या दिवशी कॅनवर राहिला. आठव्या दिवशी त्याला तुरा फुटला, मागे शेमला रुळायला लागला, आणि कॅन असा रुबाबदार दिसू लागला की पाणी घ्यायला रम्याला संकोच वाटावा.

त्याने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. चौतीस अंगठे आले. झालं! दहाव्या दिवशी तो लोकांच्या लग्नाच्या फोटोंतले फेटे बघून "बघ, इथे ताण चुकलाय" म्हणू लागला. बाराव्या दिवशी त्याने 'फेटा बांधताना होणाऱ्या पाच चुका' असा स्वतःचाच एक व्हिडिओ बनवला. (तोवर त्याने आयुष्यात सोळा फेटे बांधले होते. सोळाही एकाच कॅनला.)

"एकदा माझ्या डोक्यावर बांधून बघ ना," रम्या म्हणाली.

"नको. तुझे केस लांब आहेत. त्याने रिझल्ट बिघडेल."

"मग माझ्या अप्पांच्या डोक्यावर?"

"रम्या, चार मिनिटांत एक फेटा होतोय. आठ चोक बत्तीस. मी एक्सेलमध्ये मांडलंय."

एक्सेलला हात जोडून रम्या पाणी भरायला उठली.

लग्नाच्या दोन दिवस आधी मात्र शिवानी, म्हणजे लग्न जिचं होतं ती मेहुणी, मेंदीचे हात सांभाळत त्याच्याजवळ येऊन बसली.

"दाजी, येतं ना नक्की? नसेल येत तर आत्ता सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

तिची काळजी उगाच नव्हती. तिचं आणि होसकोट्याच्या रणजीतचं जमून चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं नाही म्हणत आलेले रणजीतचे काका पिराजीराव आत्ताआत्ता कुठे हो म्हणाले होते. रणजीतचे वडील तो लहान असतानाच गेले, काकांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे काकांच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता. हे पिराजीराव म्हणजे मानपानाच्या बाबतीत भलते हळवे. साखरपुड्याला पहिला नमस्कार दुसऱ्याच कुणाला झाला म्हणून ते न जेवता उठले होते, आणि त्यांची समजूत घालायला येसाजीराव दोनदा होसकोट्याला जाऊन आले होते. तिसऱ्यांदा जायची वेळ आली तर उपयोग होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

"शिवानी," अजिंक्य मोठ्या मनाने म्हणाला, "तू फक्त बोहल्यावर उभी राहा. बाकी माझ्यावर सोड."

तिने मान हलवली. पण उठताना तिने रम्याकडे पाहिलं आणि रम्याने खिडकीबाहेर.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त होता दहा बेचाळीसचा. वराकडची मंडळी साडेनऊला कल्याण मंडपाच्या दारात उतरली. रघुजीराव हे फेटे आतल्या खोलीत दार लावून बांधत असत, पण अजिंक्यने खुर्ची बाहेर ओसरीवर मांडून घेतली होती. "कला लोकांना दिसायला हवी," असं त्याने फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं. समोर दोन्हीकडचे शंभरेक पाहुणे जमले. एका कोपऱ्यात सकवारअक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरदेव रणजीत रीतीप्रमाणे सगळ्यांत शेवटी, म्हणून तो गाडीत एसी लावून बसला.

पहिला मान पिराजीरावांचा. ते खुर्चीत येऊन बसले. अजिंक्यने त्या डोक्याकडे पाहिलं.

कॅन वरपासून खालपर्यंत सारखा असतो. पिराजीराव वर निमुळते होते. कॅनला बाजूंनी खाचा असतात, कापड त्यांत घट्ट बसतं. पिराजीरावांना खाचा नव्हत्या. वर तुळतुळीत टक्कल, त्यावर घरून निघताना कुणीतरी प्रेमाने चोपडलेलं खोबरेल तेल आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस कान. व्हिडिओत कानांचा उल्लेखच नव्हता.

"बसा निवांत, काका," अजिंक्य म्हणाला. "चार मिनिटं."

एकोणीस मिनिटं लागली. पण फेटा झाला. तुराही उभा राहिला. फोटोग्राफर पुढे सरसावला, बायकांत कौतुकाची कुजबुज झाली, अजिंक्यने कपाळावरचा घाम टिपून सगळीकडे एक नजर फिरवली. येसाजीराव पुढे येऊन व्याह्यांना वाकून नमस्कार करू लागले. पिराजीरावही उलट नमस्काराला वाकले.

आणि फेटा सुळकन खाली उतरून त्यांच्या नाकावर येऊन थांबला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पिराजीराव फेट्याच्या आतून म्हणाले, "हे डोकं बांधताय की तोंड?"

"स्टार्च जास्त झालाय कापडाला," अजिंक्य घाईघाईने म्हणाला. "दुसरं घेतो."

दुसऱ्या वेळी त्याने असा आवळला की पिराजीरावांच्या भुवया कपाळात चढल्या आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कशाचं तरी प्रचंड आश्चर्य वाटत असल्यासारखं दिसू लागलं. "डोळे मिटेनात," ते म्हणाले. एवढं बोलल्याने जी काय हालचाल झाली तेवढी पुरली. निमुळत्या डोक्यावरून फेटा हळूहळू वर सरकला आणि टपकन मागे पडला.

घड्याळात दहाला तीन मिनिटं कमी होती. आठातला एकही झाला नव्हता.

"वाऱ्यामुळे होतंय. पंखा बंद करा," अजिंक्यने हुकूम सोडला. पंखा बंद झाला. एप्रिलचा महिना. पाच मिनिटांत पिराजीरावांच्या टकलावरच्या तेलात घाम मिसळला आणि होती नव्हती ती पकडही गेली. आत मांडवात नादस्वरवाल्यांनी तेच सूर तिसऱ्यांदा सुरू केले. पुरोहित बाहेर डोकावून गेले, मग परत डोकावले. मागे उभे असलेले सहा मानकरी आपापल्या डोक्यांवरून हात फिरवत एकमेकांकडे बघू लागले.

रम्या त्याच्या कानाशी आली. "शिवानी आत रडायची बाकी आहे. काय सांगू तिला?"

"दोन मिनिटं म्हणून सांग. त्यांचं डोकं जरा लंबगोल आहे, त्यामुळे."

हे तो हळू म्हणाला होता. पण पंखा बंद होता, त्यामुळे ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

पिराजीराव उभे राहिले. अर्धा फेटा त्यांच्या खांद्यावर लोंबत होता. "लंबगोल?" ते म्हणाले. मग गाडीच्या दिशेने वळून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "रणजीत, काच खाली घे."

ते आवाज न चढवता बोलले म्हणून तर सगळ्यांना कळलं, आता वरात परत फिरणार. येसाजीराव धावत पुढे गेले. "झालंच, राव, झालंच, स्वल्प थांबा, माझ्यासाठी थांबा," असं ते हात जोडून म्हणत होते. सत्तर वर्षांचा माणूस, ज्याला लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात, तो भर मांडवात काकुळतीला आला होता. एवढं होऊनही त्यांनी अजिंक्यकडे रागाने सोडाच, नुसतं वळूनही पाहिलं नव्हतं.

ते अजिंक्यला सहन झालं नाही. चौथं कारण त्याच्या जिभेवर तयार होतं (खुर्चीची उंची). ते त्याने गिळलं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तीन आठवड्यांत ज्या ज्या माणसाने त्याला "नक्की ना?" असं विचारलं होतं, तो प्रत्येक माणूस त्याला सुटकेचं दार उघडून देत होता, आणि हा दर वेळी ते आतून बंद करून कडी घालत होता.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"काय?" पिराजीराव वळले.

"फेटा. मला येत नाही बांधता. घरी पाण्याच्या कॅनवर बांधला होता. माणसाच्या डोक्यावर आज पहिल्यांदा. तुमच्या डोक्यात काही दोष नाही, काका, डोकं उत्तम आहे. कापडातही नाही. पंखाही लावा कुणीतरी. चूक सगळी माझी आहे. मामांना काही बोलू नका, त्यांनी मला फक्त पहिला वेढा घालायला सांगितला होता."

पिराजीराव त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

"मग हे मी खुर्चीत बसायच्या आधी सांगायला काय झालं होतं?" पिराजीराव म्हणाले.

"येतं असं वाटत होतं."

"हं." पिराजीरावांनी खांद्यावरचं कापड काढून हातात घेतलं. गाडीची काच खाली आली होती आणि रणजीत पांढराफटक पडून बघत होता. "आमच्याकडे एकाने आचारी म्हणून अशीच बढाई मारली होती. तीनशे पानं उपाशी उठली. पण शेवटपर्यंत मीठच खराब आहे म्हणत राहिला." ते परत खुर्चीत बसले. "तुम्ही निदान मिठावर थांबला नाहीत. आता बांधणार कोण ते बोला. सव्वादहा झाले."

कोपऱ्यातून बांगड्या वाजल्या. सकवारअक्का भिंतीचा आधार घेत उठत होत्या.

"आत चला सगळे," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या. रम्या, कापडाच्या घड्या घालत जा, मला हातात देत जा. जावईबापू, तुम्हीही या."

आतल्या खोलीत दार लागलं. अक्कांनी पिराजीरावांच्या डोक्याचं तेल आधी पंच्याने खसाखसा पुसून काढलं. मग शेमल्याचं टोक अजिंक्यच्या हातात दिलं, कापड एकदा कानावरून, एकदा कपाळावरून असं फिरवलं, आणि अजिंक्यला नीट बघायलाही मिळालं नाही तोवर पिराजीरावांचा फेटा झाला होता. पिराजीरावांनी मान हलवून बघितली, वाकून बघितलं. फेटा जागचा हलला नाही.

"तुम्हाला येतं?" अजिंक्य थक्क होऊन म्हणाला. "मग तुम्ही सकाळपासून कोपऱ्यात..."

"जावयाच्या हातातलं काम काढून घेत नाहीत. तुम्ही सोडल्याशिवाय मी कशी उठू? हात नुसते शिवशिवत होते माझे. ओढू नका ते टोक, नुसतं धरा. पुढचे या!"

"पण रघुजीराव तर..."

"त्यांना कुठं येत होतं?" अक्का दुसऱ्या डोक्याभोवती कापड फिरवत म्हणाल्या. "ते असंच टोक धरून उभे राहायचे. म्हणून तर दार लावायचं. बाहेर नाव जावयाचं व्हायचं, आणि व्हावंच. पण आपल्याला येत नाही हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगायला असं कितीसं लागतं? सैल सोडू नका, जावईबापू, धरा म्हटलं ना."

अजिंक्यने धरलं. एक झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. घामाने त्याचा सिल्कचा कुडता पाठीला चिकटला होता, हाताला रग लागली होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या हातून कुणाचं काही बिघडत नव्हतं. दहा सदतीसला रणजीत खोलीत आला. त्याला फेटा बांधताना अक्कांनी घाई केली नाही. तुरा दोनदा नीट केला, मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

दहा एक्केचाळीसला अंतरपाट धरला गेला. मुहूर्त साधला. पलीकडून शिवानीने फेट्याचा तुरा तेवढा दिसतोय का ते बघायला टाचा उंचावल्या, आणि तो दिसल्यावर जी हसली ते बघून येसाजीरावांनी उपरण्याने डोळे पुसले. अजिंक्यनेही पुसले. त्याच्याकडे उपरणं नव्हतं, म्हणून उरलेल्या फेट्याच्या कापडाने पुसले.

दुपारी दीडला केळीच्या पानांवर पंगत बसली. पिराजीरावांनी अजिंक्यला मुद्दाम आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. दोन वेळा भात झाला, होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, झाली, तूप झालं. सगळीकडून लोक त्याला म्हणत होते, की काही म्हणा, पण शंभर माणसांत असं कबूल करायला छाती लागते. येसाजीराव म्हणाले. रम्यासुद्धा म्हणाली. शिवानी तर नवऱ्याला घेऊन येऊन पाया पडून गेली. आणि तिसऱ्या होळिगेनंतर अजिंक्यची पाठ हळूहळू ताठ होऊ लागली.

"कसं असतं, काका," तो पिराजीरावांना म्हणाला, "माणसाला आपल्या मर्यादा कळायला पाहिजेत. बहुतेकांना कळत नाहीत, हाच प्रॉब्लेम आहे. आमच्या ऑफिसात तर कुणालाच कळत नाहीत. मी ठरवलंय, सोमवारपासून या विषयावर सगळ्यांना ट्रेनिंग द्यायचं. 'स्वतःला ओळखा.' तीन भागांत. स्लाइड्स माझ्या डोक्यात तयार आहेत."

पलीकडच्या पानावर सकवारअक्का ताक पीत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"हे तुम्हाला कधीपासून येतंय, जावईबापू?"

"काय, मर्यादा ओळखणं? आज सकाळपासून. सव्वादहापासून."

अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग स्वल्प थांबा की," त्या म्हणाल्या.